सेन्सर म्हणतो हवा बरी, खिडकी मात्र काळी

गोव्यात वास्कोत सडा किंवा बायण्याला खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवा, कोळशाच्या धुळीने काळं होतं. त्याच कठड्यावर पीएमएस५००३ हा हवेतले धूलिकण मोजणारा छोटा सेन्सर ठेवला तर आकडा बऱ्याचदा बेताचाच येतो. सेन्सर बिघडलेला नसतो. आत लेझरचा झोत आणि नखाएवढा पंखा. कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून तो हिशेब मांडतो. जाड, जड कण त्या पंख्याच्या ओढीने नीट आत येत नाहीत, शिवाय कोळसा प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे तो पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) म्हणून जे दाखवतो, ते बहुतांशी बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. मुरगाव बंदरातल्या कोळशाविरुद्ध फक्त हा आकडा घेऊन गेलात, तर तो तुमच्यावरच उलटायचा.

चुलीचा धूर, जाळलेला कचरा, गाड्यांचा धूर यांसाठी मात्र तो चांगला. जोडणी सोपी आहे. पहिली पिन ५ व्होल्ट, दुसरी ग्राउंड, पाचवी टीएक्स, म्हणजे माहिती बाहेर पाठवणारी. ती ईएसपी३२ या छोट्या संगणक-बोर्डाच्या आरएक्सला (माहिती घेणाऱ्या पिनला) थेट जोडा, तिथे ३.३ व्होल्टच येतात. संदेशांचा वेग ९६०० बॉड. एका संदेशात ३२ बाइट. पहिल्या ३० ची बेरीज शेवटच्या दोनशी जुळली नाही तर तो संदेश टाकून द्या. चालू केल्यावर पहिले ३० सेकंद धरू नका. सोबत आर्द्रता आणि तापमान मोजणारा बीएमई२८० हवाच, तो का ते पुढे येतंच. वीज जाते-येते तिथे डीएस३२३१ घड्याळ आणि मेमरी कार्डही लावा, नाहीतर नोंदींच्या वेळा बिघडतात.

पेटीसाठी ४ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो: वर टोपण, खाली उघडं तोंड, त्यावर मच्छरदाणीची जाळी. जाळी नसली की कोळी पंख्यातच जाळं विणतो. पत्र्याला चिकटवून बसवू नका, दुपारी तापतो. खाऱ्या हवेत डाग दिलेल्या जागा हिरव्या पडतात. त्यांवर नेलपॉलिश चालतं, पण बीएमई२८० च्या बारीक भोकावर थेंबही नको.

आता दमटपणा. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांपुढे गेली की मिठाचे कण पाणी धरून फुगतात आणि सेन्सरला ते धूळच वाटतात. ८० च्या वरच्या नोंदी वेगळ्या काढा. गोव्याच्या पावसाळ्यात मग हाती फारसं उरत नाही, तेव्हा ऑक्टोबर ते मेची दुपार धरावी. पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) साठीच्या २४ तासांच्या, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या भारतीय मानकाशी तुलना करायची तर अशा अर्धवट दिवसांची सरासरी चालत नाही. दोन सेन्सर घेतले असतील तर आधी आठवडाभर शेजारी ठेवून त्यांचे आकडे जुळतात का पाहा.

कोळशासाठी पांढऱ्या जाड कार्डावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, छपराच्या आडोशाला सात दिवस ठेवा. मागे तारीख, जागा, वाऱ्याची दिशा लिहा. भिंगाखाली कोळसा काळा, टोकेरी दिसतो; खनिजाची धूळ तांबूस. फोटो काढताना शेजारी कोरं कार्ड ठेवा.