आठ नंबरमधलं तेल

डाकोटाला दोन आर-१८३० इंजिनं. एकेकाची ताकद १,२०० अश्वशक्ती. १४ सिलिंडर दोन रांगांत, प्रत्येकाला दोन प्लग. विमान चार दिवस उभं राहिलं तरी तेल पिस्टनच्या रिंगांवरून झिरपत खालच्या ७, ८, ९ नंबरच्या सिलिंडरमध्ये उतरतं. ८ तर अगदी तळाला. म्हणून सेल्फ मारण्याआधी मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद ठेवून पंखा हाताने फिरवायचा, निदान १२ पाती मोजून.

त्या दिवशी चौथ्या पात्याला पंखा अडला. मंडपात पाहुणे बसलेले, साहेबांची नजर घड्याळावर. कुणीतरी म्हणालं, "जरा उलटा फिरवा, सुटेल."

सुटतो ना! तिथेच घात होतो. कॉम्प्रेशनला, म्हणजे पिस्टन आतलं दाबत असताना, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि तेल काही दबत नाही. उलटा फिरवला की इनटेक (आत हवा घेणारा) व्हॉल्व्ह उघडतो, तेल इनटेक पाइपात जाऊन बसतं. पंखा मोकळा, सगळे खूश. इंजिन सुरू झालं की तेच तेल परत आत ओढलं जातं आणि लिंक रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. लगेच तुटेलच असं नाही, पुढे कधीतरी हवेत तुटतो.

खालच्या तिघांचे पुढचे प्लग काढले. आठमधून आधी थेंब, मग काळी धार. पंखा हलका झाला, तरी मी आठचा इनटेक पाइप सोडलाच. त्यातही तेल! म्हणजे आमच्याआधी कुणीतरी उलटा फिरवला होता. लॉगबुकात ओळ नाही. कार्यक्रम इंजिनाविनाच उरकला.

सप्टेंबर १९७१ मध्ये दिमापूरला गुपचूप उभारलेल्या किलो फ्लाइट या बांगलादेशी हवाई तुकडीमध्येही एक डाकोटा होतं. बॉम्ब टाकण्यासाठी ते तयार केलं, पण शेवटी वाहतुकीलाच वापरलं. ३ डिसेंबरच्या रात्री हल्ल्याला गेले ते ऑटर विमान आणि अलूएट हेलिकॉप्टर. अशा कामात वैमानिकाचं धाडस सगळ्यांना दिसतं. पहाटे पाती कुणी मोजली, हे कोण विचारतो?

तेल पाइपातच होतं, म्हणजे उलटं फिरवण्याच्या त्या खेपेनंतर इंजिन सुरू झालं नव्हतं. पण ती पहिलीच खेप कशावरून? प्लगच्या भोकातून सळई घालून आठच्या पिस्टनची उंची सहाशी ताडून पाहिली. फरक लागला नाही. मात्र केसाएवढा बाक सळईला कळत नाही. सिलिंडर उतरवायची परवानगी मागितली आहे. ऑफिसचं म्हणणं, पंखा फिरतोय ना?