आईचा ब्लॉक आणि ‘निगेटिव्ह’ हा शब्द

सोमवारपासून आईची मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी केमो सुरू व्हायची होती. आदल्या शुक्रवारी आम्ही दुसरं मत घ्यायला गेलो, ते खरं तर मनाच्या समाधानासाठी. डॉक्टर मॅडमनी कोलोनोस्कोपी, सीटी स्कॅन, बायोप्सी असे सगळे कागद सावकाश पाहिले आणि विचारलं, "एमएमआर कुठंय?"

मी फाइल तीनदा उलटीपालटी केली. एमएमआर म्हणजे गाठीत डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं आहेत का, याची तपासणी. तो रिपोर्ट त्यात नव्हताच. तपासणी कोणी सांगितली नव्हती, म्हणून झालीही नव्हती.

आई तेव्हा ६१ वर्षांची होती. सहा महिने थकवा होता, हिमोग्लोबिन ७ वर आलेलं, आणि आम्ही लोहाच्या गोळ्यांवर विसंबून बसलो होतो. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ पुष्कळदा अशीच छुपी राहते. थोडं थोडं रक्त जात असतं, पण डोळ्यांना दिसत नाही. निदान झालं तेव्हा यकृतावर तीन डाग होते. अशा वेळी घरातल्या प्रत्येकाला एकच घाई असते, ती म्हणजे उपचार सुरू करण्याची. मॅडम म्हणाल्या, "मला थोडे दिवस द्या. ही तपासणी झाल्याशिवाय पहिलं औषध ठरवू नये असं मला वाटतं."

त्यांनी कागदावर चार नावं लिहिली: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. ही चार प्रथिनं. पेशी विभागली जाते तेव्हा डीएनएची नक्कल होते, आणि नक्कल करताना चुका राहतात. त्या शोधून दुरुस्त करायचं काम ही चार प्रथिनं जोडीनं करतात, पहिली दोन एकत्र आणि नंतरची दोन एकत्र. एक जोडी बंद पडली की चुका साचत जातात. जिथे एकच अक्षर किंवा दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, तिथे तर फारच. त्या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात, म्हणून अशा गाठीला ‘एमएसआय हाय’ (मायक्रोसॅटेलाइट इन्स्टॅबिलिटी, म्हणजे तिथली अस्थिरता, जास्त) असं नाव आहे. इतक्या चुकांमधून गाठीत विचित्र प्रथिनं तयार होतात आणि शरीराच्या टी पेशींना ती परकी वाटतात. पण टी पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो आणि गाठ तोच दाबून ठेवते. हा ब्रेक तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडला. २०१८ मध्ये त्यांना आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना नोबेल मिळालं ते अशाच ब्रेकवरच्या कामासाठी. इम्युनोथेरपीचं औषध हा ब्रेक सोडवतं. गाठीत परकं वाटण्यासारखं काही नसेल, तर ब्रेक सुटूनही फारसं काही घडत नाही.

मोठ्या आतड्याच्या सगळ्या कर्करोगांत अशा गाठी साधारण १५ टक्के असतात, पण दूर पसरलेल्या आजारात जेमतेम ४ ते ५ टक्के. म्हणजे विसात एक. दादा गाडीत म्हणाला, "विसात एकासाठी थांबायचं?" मलाही आतून तेच वाटत होतं. पण मॅडमनी एका मोठ्या अभ्यासाचे आकडे सांगितले होते. अशा गाठी असलेले ३०७ रुग्ण होते. निम्म्यांना केमो दिली, निम्म्यांना पेंब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध. केमोवर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ८.२ महिने होता, पेंब्रोलिझुमॅबवर १६.५ महिने. त्यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. याच अभ्यासात पेंब्रोलिझुमॅब घेतलेल्या दहांपैकी जवळपास तिघांचा आजार सुरुवातीपासून वाढतच गेला होता. मार्कर, म्हणजे गाठीतली खूण, जुळला म्हणजे हमी मिळाली असं नाही. त्या दिवशी त्यांनी हे स्पष्ट सांगितलं, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

मग ब्लॉकच्या मागे धावपळ सुरू झाली. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला पॅराफिन ब्लॉक म्हणतात. मागितल्यावर आम्हाला आधी फक्त रंगवलेल्या स्लाइड दिल्या. त्यांच्यावर नवी तपासणी होईना. मॅडमनी चिठ्ठीत "ब्लॉक किंवा न रंगवलेल्या स्लाइड" असं लिहून दिलं, मी लेखी अर्ज केला, आणि तिसऱ्या खेपेला ब्लॉक हातात पडला. नखाएवढा तुकडा होता तो. पर्समध्ये ठेवला तर उन्हात मेण वितळेल की काय, या भीतीनं मी वाटभर पर्स सावलीत धरून होते.

पाच दिवसांनी रिपोर्ट आला. एमएलएच१ आणि पीएमएस२ शाबूत. एमएसएच२ आणि एमएसएच६ यांच्यापुढे "अर्थ लावता येत नाही" असा शेरा. मी पॅथॉलॉजिस्टना भेटायला गेले. रुग्णाच्या नातेवाइकांनी पॅथॉलॉजिस्टना भेटायची पद्धत नसते, पण त्यांनी मला बसवलं आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. गाठीच्या आसपास निरोगी पेशी असतात, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांच्या केंद्रकांना तपकिरी रंग चढायलाच हवा. तो चढला तर समजायचं की रंगकाम नीट झालंय, आणि मग गाठीच्या पेशी कोऱ्या दिसल्या तर प्रथिन खरोखरच नाही. आईच्या तुकड्यात निरोगी पेशीही कोऱ्या होत्या. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरला नसेल तर असं होऊ शकतं. "मी अंदाजानं लिहू शकलो असतो," ते म्हणाले, "पण या एका ओळीवर तुमच्या आईचं औषध ठरणार आहे."

बायोप्सीचे आणखी तुकडे दुसऱ्या ब्लॉकमध्ये होते. त्याच्यावर पुन्हा रंगकाम झालं, आणि शिवाय पीसीआर या डीएनए तपासणीनं मायक्रोसॅटेलाइटची लांबीही मोजली. या वेळी निरोगी पेशी व्यवस्थित तपकिरी होत्या आणि गाठीच्या पेशी कोऱ्या. एमएसएच२ नाही, म्हणून तिच्या आधारानं टिकणारी एमएसएच६ही नाही. पीसीआरचं उत्तर: एमएसआय हाय.

आम्ही विसातले एक निघालो होतो. मी जिन्यात बसून रडले.

पण गोंधळ संपला नव्हता. आईला रक्त चढवण्यासाठी एक रात्र आधीच्या रुग्णालयात भरती करावं लागलं, आणि तिथल्या सारांशात कोणीतरी लिहिलं, "एमएमआर निगेटिव्ह". सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "निगेटिव्ह आहे ना, मग केमोच." त्यांनी त्याचा अर्थ ‘दोष सापडला नाही’ असा घेतला. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं ‘प्रथिन सापडलं नाही’. अर्थ बरोब्बर उलटे! मी मूळ रिपोर्ट पुढे केला, त्यांनी तो वाचला आणि लगेच चूक मान्य केली. तेव्हापासून मी फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय: "एमएसएच२ व एमएसएच६ लॉस, एमएसआय हाय." पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हे शब्द या तपासणीला वापरूच नयेत असं माझं ठाम मत आहे.

या काळात वेटिंग रूममध्ये एक ताई रोज भेटायच्या. त्यांच्या वडिलांना जठराचा कर्करोग होता आणि त्यांचे कागद वेगळेच होते: पीडी-१चा ब्रेक दाबणाऱ्या पीडी-एल१ या प्रथिनाचा सीपीएस नावाचा गुणांक किती, हर२ नावाचं प्रथिन आहे का, गाठीत एपस्टाईन-बार विषाणू आहे का. जठर आणि अन्ननलिकेच्या आजारात पीडी-एल१ मोजून निर्णय घेतात. मोठ्या आतड्याच्या आजारात त्याचा तसा उपयोग होत नाही, तिथे एमएमआरच महत्त्वाचं. आमच्या एका नातेवाइकांनी "पीडी-एल१ का नाही केलं" म्हणून बराच धोशा लावला होता. पचनमार्ग एकच असला तरी प्रत्येक अवयवाची विचारायची गोष्ट वेगळी, हे मला त्या ताईंमुळे समजलं.

रिपोर्ट हाती आल्यावर चौथ्या दिवशी आईला पेंब्रोलिझुमॅबची पहिली सलाइन लागली. दर तीन आठवड्यांनी एक. तिसऱ्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये यकृतावरचे डाग निम्म्यावर आले होते. पाचव्या महिन्यात तिचा थायरॉइड मंदावला. ब्रेक सुटला की टी पेशी कधीकधी आपल्याच ग्रंथींवर चालून जातात. आता रोज सकाळी एक गोळी असते. परवा सोळावा डोस झाला. दोन डाग दिसत नाहीत, तिसरा लहान होऊन तसाच आहे.

एमएसएच२ गेलेलं दिसलं त्याच दिवशी मॅडमनी विचारलं होतं, "माहेरी कोणाला पोटाचा आजार?" आईचे मोठे भाऊ ४४व्या वर्षी गेले होते, ‘आतड्यात काहीतरी’ म्हणून. मावशीला गर्भाशयाचा कर्करोग झाला होता. घरात या दोन गोष्टी कोणी कधी एकत्र बोललंच नव्हतं. आईच्या रक्ताच्या तपासणीत लिंच सिंड्रोम निघाला. डीएनए दुरुस्तीतला जन्मापासून असलेला दोष, ज्यानं आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो; प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. आई ते ऐकून गप्प झाली. नंतर म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला." स्वतःच्या आजारात ती एवढी खचली नव्हती.

मी ३४ वर्षांची. माझ्यातही तोच बदल आहे. पहिल्या कोलोनोस्कोपीत एक अ‍ॅडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणारी छोटी गाठ, सापडला, तिथल्या तिथे काढला. आता दरवर्षी कोलोनोस्कोपी आणि गर्भाशयाची तपासणी. मामांच्या मुलांना मी स्वतः जाऊन सगळं समजावलं. त्यांच्यापैकी एकानं तपासणीसाठी रक्त दिलं, दुसरा अजून विचार करतोय.

दादा सात महिने टाळत होता. मी आग्रह सोडून दिला होता, त्याला वेळ हवा होता. काल रात्री त्याचा मेसेज आला, "त्या टेस्टला उपाशी जावं लागतं का?" नाही लागत, असं मी लगेच कळवलं.