शटरच्या पेटीतली सातेरी: काढण्यापासून आत्तापर्यंत

पुण्यातल्या एका बंद दुकानाच्या शटरमधून सातेरी, म्हणजे अंधाऱ्या पोकळीत पोळी बांधणारी आपली देशी मधमाशी, काढायचं काम एकदाचं झालं आणि वसाहत आता मधपेटीत नीट बसलीये, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, कारण रोलिंग शटरमधली सातेरी काढायची वेळ अजून कुणावर तरी येणारच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शटर जिथं गुंडाळलं जातं ती वरची पत्र्याची पेटी, दुकान बंद असलं की शटर खाली आणि पेटी जवळजवळ रिकामी, आत अंधार, पाऊस नाही, बाजूला बोटभर फट. सातेरीला अजून काय पाहिजे?

दुकान भाड्यानं द्यायचं होतं आणि मालक काकांना कुणीतरी फवारून टाका असा सल्ला दिला होता. मी त्यांना म्हणलं, काका, फवारल्यावर माशा मरतील पण पोळी आतच राहणार, पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवणाऱ्या माशाच गेल्या की उन्हात पत्रा तापून मेण मऊ पडतं, मग विषारी झालेला मध शटरवरनं खाली गळणार, मुंग्या येणार, मेणकिडा लागणार, आणि दुसऱ्या मोहोळाच्या माशा तो मध लुटायला आल्या तर त्याही मरणार. काका लगेच म्हणाले, "मग तूच काढ बाबा, पण शटर कधी वर करू तेवढं सांग." तेच तर सगळ्यात महत्त्वाचं, शटर अजिबात हलवायचं नव्हतं, गुंडाळायला लागलं की पोळी चेंगरणार आणि राणी गेली तर सगळंच गेलं.

काम मार्चमध्ये दुपार कलल्यावर सुरू केलं. शेवगा फुललेला, बाहेर खायला भरपूर, बऱ्याच माशा चरायला गेलेल्या आणि अंधार पडायच्या आत सगळ्या परत येतात. मीटरचा मेन स्विच बंद, कारण बोर्डाची वायर त्याच पेटीमागून गेलेली. शिडी धरायला एकजण. खालचा फुटपाथ दोरी लावून अडवला, आणि शेजारच्यांना खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. धुराड्यात नारळाची शेंडी आणि गोणपाट, धूर थोडाच आणि गार, सातेरीला जास्त धूर दिला तर ती पोळं सोडून पत्र्यावर सैरावैरा पळते आणि मग राणी शोधणं अवघड होतं.

पत्र्याचे स्क्रू काढून पुढची बाजू उतरवली तर आत एकाशेजारी एक सरळ पोळी, कडेची पांढरी मधाची, मधली तपकिरी. ही मधली तपकिरी म्हणजे पिल्लांची, आणि माझ्या मते पूर्ण काम या पोळ्यांवर ठरतं. राणी पकडली की झालं असं बरेचजण धरून चालतात, पण सातेरी राणीला घेऊन मधपेटी सोडून जायला मागेपुढे बघत नाही. मधपेटीत तिच्या स्वतःच्या अळ्या असतील तर तिला अडकवायला दुसरं काही फारसं लागत नाही, दाई माशा पिल्लांवरून हलत नाहीत. म्हणून जास्तीत जास्त वेळ तिथंच दिला.

पोळं वरनं पातळ सुरीनं कापायचं, खाली तळहात लावून, आणि वरची बाजू वरच राहील असं धरायचं, कारण घरांचा उतार थोडा वरच्या दिशेनं असतो, उलटं बांधलं की माशांना ते पटत नाही. मधाचा भाग कापून झाकणाच्या डब्यात, पेटीत तुटक्या पोळ्याचा मध गळू द्यायचा नाही, माशा त्यात बुडतात आणि मुंग्या वास काढत येतात. पिल्लांचा तुकडा मधपेटीतल्या लाकडी चौकटीच्या वरच्या पट्टीला घट्ट टेकवून केळीच्या सोपटानं बांधायचा. पोळं पट्टीला जोडून झालं की माशा ते सोपट कुरतडून बाहेर टाकतात, मला रबरबँडपेक्षा हेच बरं वाटतं. चौकटी सावलीत, वर कापड. पिल्लांना ३४-३५ अंश लागतात, मार्चच्या उन्हात पत्र्याशेजारी त्याच्यावर जायला वेळ लागत नाही.

राणी शेवटून दुसऱ्या पोळ्याच्या कडेला सापडली, काळसर, लांब पोटाची, बाकीच्या माशा तिला वाट करून देत होत्या. तिला पिंजऱ्यात घालून पिंजरा पिल्लांच्या दोन चौकटींच्या मधे अडकवला आणि पेटी शटरशेजारीच स्टुलावर ठेवली. थोड्या वेळानं दारापाशी माशा डोकं आत, पोट वर करून पंख मारायला लागल्या, म्हणजे वास सोडून बाकीच्यांना बोलवत होत्या. ते दिसलं की मी घाई थांबवतो. उरलेल्या आपोआप चालत आत जातात, झाडून ओतायची गरज नसते. अंधार पडल्यावर दाराला जाळी लावून पेटी तीन किलोमीटरच्या पलीकडे एका मित्राच्या शेतावर नेली, जवळ ठेवली असती तर सकाळी सगळ्या परत शटरकडे.

दुसऱ्या दिवशी पत्र्यावरचं मेण खरवडून, साबणाच्या पाण्यानं धुऊन फट सिमेंटनं बंद केली. हे टाळलं तर वासावर पुढचं मोहोळ तिथंच येणार.

आता पेटीचं. राणीला लगेच मोकळं केलं नाही, सोडल्यावरही दाराला राणी अडवणारी जाळी काही दिवस ठेवली. पोळी पट्टीला जोडली गेली, सोपटाचे तुकडे दाराबाहेर पडलेले. नंतर उघडलं तर घरांच्या तळाशी अंडी उभी दिसली आणि पायाला परागाचे पिवळे गोळे लावून माशा सारख्या येत होत्या, मग जाळी काढली. साखरेचा पाक एकास एक, संध्याकाळीच, आणि थोडाच. पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत. जांभूळ आणि करंज होईपर्यंत मध काढायचा विषयच नाही, पावसाळ्यात त्यांनाच लागणारे.

अजून एक, कारण याचे फोन सारखे येतात. बिल्डिंगच्या छज्जाला बाहेरून लटकलेलं मोठं एकच पोळं म्हणजे आग्या, ते पेटीत बसवता येत नाही. उघड्यावरच राहणारी माशी आहे ती आणि हंगाम संपला की स्वतःहून स्थलांतर करते, शक्य असेल तिथं जवळची गॅलरी बंद ठेवून थांबा म्हणून सांगतो. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दारावरच असेल तर शिकलेल्या माणसालाच बोलवा. शिकायचं असेल तर गणेशखिंड रोडवरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत कोर्स असतात, तिथं सातेरी प्रत्यक्ष हाताळायला मिळते. आणि चावल्यावर अंगभर गांधी उठणाऱ्या, श्वास लागणाऱ्या कुणालाही या कामात घेऊ नका, तसं झालंच तर थेट दवाखाना.

पुढचं काम एका जुन्या वाड्यातल्या भिंतीतल्या फडताळाचं आहे. मागं दगडी भिंत, त्यामुळे पोळी किती आत गेलीत ते फळी काढल्याशिवाय कळणार नाही. तिथल्या आजी म्हणतायत की नातवाच्या मुंजीनंतरच हात लावायचा, तोवर मी चौकटी आणि सोपट तयार करून ठेवतोय, आणि दगडी भिंतीतून पोळी काढलेल्या कुणी लांब वाकडी सुरी बनवून घेतली असेल तर माप सांगा.