कैद्याचा होकार

आज परळला हाफकिन इन्स्टिट्यूटवरून जाताना भाच्याने विचारलं, "मावशी, प्लेगची लस आधी टोचली कोणाला?"

आधी स्वतःलाच. १० जानेवारी १८९७ रोजी ही लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ती स्वतः टोचून घेतली. मला हे फार मोठं वाटतं. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली. लस घेतलेल्यांत प्लेग बराच कमी दिसला. त्या काळाच्या मानाने पद्धत चोखच.

पण गजाआडचा माणूस "हो" म्हणतो तेव्हा त्याला "नाही" म्हणायची मुभा कितीशी असते? आत साथ, समोर साहेब. त्या होकाराला मी तरी मोकळी संमती म्हणणार नाही, लसीने जीव वाचले तरीही. स्वेच्छेची संमती हे पहिलं कलम झालं ते माणसांवरच्या प्रयोगांचे नियम घालणाऱ्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत, म्हणजे पन्नास वर्षांनी.

भाच्याला एमएस्सीनंतर उंदरांवर काम करायचंय. उंदराला तर कोणी विचारतच नाही, म्हणून प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी घ्यावी लागते. तो म्हणाला, "नुसती कागदपत्रं गं ती." त्यावरून दादरपर्यंत आमचं चांगलंच वाजलं.