तेजगढचे पिठोरा घोडे

आज बडोद्याहून छोटा उदेपूर जिल्ह्यातील तेजगढला जाऊन आदिवासी अकादमीचे ‘वाचा’ संग्रहालय पाहिले. अकादमीमागील ‘भाषा’ संस्थेचे संस्थापक गणेश देवी मूळचे भोरचे, याचा आमच्या गाडीतील मंडळींना प्रवासभर अभिमान! वाद्ये आणि दागिने भराभर पाहून झाले. पाय खिळले ते पिठोरा चित्रांपाशी. राठवा आदिवासी कुटुंब पिठोरा देवाचा नवस फेडताना ओसरीची भिंत शेणमातीने सारवून पांढऱ्या मातीने पोतारते, लखारा, म्हणजे चित्रकार, दूध आणि मोहाच्या दारूत कालवलेल्या रंगांनी तिच्यावर घोडे रंगवतो, आणि चित्र यथासांग उतरले की नाही, याचा निर्वाळा बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, देतो. पाहुण्यांसाठी कापडावर रंगवलेले घोडे सुबक असले, तरी नवसावाचून ते मला जरा पोरकेच वाटले. सौभाग्यवतींना हे मुळीच पटले नाही.