"काही नाही"

आज तिने विचारलं, "तुला नक्की काय होतंय?" मी नेहमीसारखं म्हणालो, "काही नाही." खोटं बोलत नव्हतो. छातीवर दडपण होतं, घसा आवळला होता, पण हा राग की भीती की आणखी काही, ते उमगतच नव्हतं. ती गप्प झाली. तिला वाटलं, मला फरकच पडत नाही.

भावनेला शब्द न सापडण्याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकात दिलेलं नाव. शब्द नसतात, भावना असतात! हेच मला तिला सांगायचं होतं.

रात्री मेसेज केला, "घसा दाटून आलाय. तू दूर जाशील याची भीती वाटतेय, बहुतेक." एवढं लिहायला चाळीस मिनिटं लागली. तिचा लगेच फोन आला.