टाके दुखत नाहीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मे महिन्यात नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चादर टांगून मी मुलांना सिनेमे दाखवते, आणि दरवर्षी कुणाची तरी आई नाहीतर आजोबा मला बाजूला घेतात. 'काकू, ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन ही काय मुलांची पुस्तकं आहेत? त्यांचे मुलांसाठी सिनेमे कसे होतात? साखर पेरून देतात, एवढंच ना?'

बऱ्याचदा एवढंच. पण कधीकधी साखरेखाली औषध तसंच राहतं.

'हॉटेल ट्रान्सिल्व्हानिया' (2012) घ्या. ड्रॅक्युला हॉटेलवाला आहे, 118 वर्षांच्या लेकीच्या काळजीनं हैराण झालेला बाप. सुळे आहेत, पण माणसाचं रक्त पीत नाही. ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीत हाच काउंट किल्ल्यातल्या तीन बायकांपुढे पिशवीतलं तान्हं मूल टाकतो. ते कोण दाखवणार? हॉटेल मात्र मला कादंबरीतच दिसतं. पाहुणा आलेल्या हार्करला कळतं की एवढ्या मोठ्या किल्ल्यात नोकर एकही नाही. तो आपल्या खोलीत जातो तर काय: काउंट स्वतःच त्याचं अंथरूण घालतोय. मग दाराच्या फटीतून जेवणाचं टेबलही तोच मांडताना दिसतो. रक्त पिणाऱ्यानं चादरीच्या सुरकुत्या काढाव्यात, हे वाचताना मला त्या सुळ्यांपेक्षा जास्त धडकी भरली होती. सिनेमानं त्यातली धडकी काढून यजमान तेवढा ठेवला.

आणखी एक गंमत. हे सिनेमे कादंबरीवरून कमी आणि जुन्या सिनेमांवरूनच जास्त बेततात. उन्हात ड्रॅक्युला जळतो हे आमच्या पार्किंगमधलं प्रत्येक पोर सांगेल. स्टोकरचा काउंट लंडनमध्ये भरदिवसा हिंडतो, फक्त दिवसा त्याची ताकद कमी असते. उन्हानं मरण आलं ते 1922 च्या 'नोस्फेरातू' या मूकपटातून. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाच्या मानेतले बोल्टसुद्धा पुस्तकातले नाहीत, 1931 च्या सिनेमातले. (आणि फ्रँकेन्स्टाइन हे राक्षस बनवणाऱ्याचं नाव. राक्षसाला नावच नाही. हे मी दरवर्षी सांगते, दरवर्षी कुणी ऐकत नाही.)

त्याच सिनेमानं राक्षसाची वाचाही घालवली. मेरी शेलीनं 1816 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, लिहायला घेतलेल्या कादंबरीतला राक्षस पानंच्या पानं बोलतो. भिंतीआड लपून एका कुटुंबाचं बोलणं ऐकत भाषा शिकतो. त्याची तक्रार एकच: तू मला घडवलंस आणि डोळे उघडल्याबरोबर पळून गेलास. माझ्या मते कादंबरीतलं खरं भय ते आहे. शाळा सुटल्यावर न्यायला कुणी आलं नाही तर कसं वाटतं, हे मोठी माणसं विसरलेली असतात. मुलं नाही.

म्हणून मला टिम बर्टनचा 'फ्रँकेनवीनी' (2012) आवडतो. अख्खा कृष्णधवल. पोरं आधी 'काकू, रंग गेलेत' म्हणून ओरडली. व्हिक्टर नावाच्या मुलाचा कुत्रा, स्पार्की, गाडीखाली जातो. व्हिक्टर त्याला उकरून काढतो, टाके घालतो, विजेच्या झटक्यानं उठवतो. फक्त शेलीचा व्हिक्टर, म्हणजे फ्रँकेन्स्टाइन, पळून जातो आणि हा आपल्या कुत्र्याला घट्ट मिठी मारतो. एवढा एक बदल. शेवटी कुत्रा पुन्हा जिवंत होतो ते मला पटलेलं नाही. तिथे साखर जास्त झाली.

स्पार्की पाणी प्यायला आणि ते टाक्यांतून गळायला लागलं, तशी मुलं खदखदून हसली. पहिल्या रांगेतली सात वर्षांची एक मुलगी हसली नाही. मान वळवून म्हणाली, 'काकू, त्याला टाके दुखत नाहीत का?'

आपणही अशीच साखर पेरतो, फक्त नाशिककर असल्यानं ते लक्षात येत नाही. तपोवनात पोरांना कडेवर घेऊन आपण कौतुकानं सांगतो, इथं लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं, म्हणून आपलं गाव नाशिक. पोरं नाकाला हात लावून हसतात, आपणही हसतो. रक्त नाही, किंकाळी नाही. गावाच्या नावातच ती जखम, पण इतकी गोड करून सांगितलेली की दुखतच नाही.

सिनेमा संपल्यावर मी वायर गुंडाळत होते, तर ती मुलगी पुन्हा आली. शाळेच्या सहलीत तपोवन बघून झालं होतं.

'शूर्पणखेचं नाक कापल्यावर ती कुठे गेली?'

'भावाकडे,' मी म्हटलं.

'टाके घालून घ्यायला?'